चमक जाईपर्यंत

देबोपमनं झोळीतून आर्निकाची जुनी बाटली काढली, ओल्या कागदावर एक थेंब सोडला आणि गंगेपलीकडची मिलची चिमणी धुक्यात विरघळली. एवढंच झालं. घाटाच्या पायऱ्यांवर बसलेल्या त्याच्या रविवारच्या विद्यार्थ्यांनी एकदम श्वास आत घेतला, तो आवाज मला वरच्या पायरीपर्यंत ऐकू आला. मी तितिरला खांद्यावर घेऊन उभी होते, दुसऱ्या हातात त्यानं घरी विसरलेला चहाचा थर्मास. थेंब पडला तिथला निळसर करडा रंग आधी दचकल्यासारखा मागे सरला, थांबला, मग भीत भीत कडेनं परत येऊ लागला. आणि मधे जे उरलं त्याला कुठेच कड नव्हती. पाण्याचा थेंब टाकला तर कड येते, झालरीसारखी, कुरतडलेली. पाकिटातलं दूध टाकलं तर चरबीचं कडं धरतं, ताटावर राहतं तसं. हे धुकं तसं नव्हतं. गर्दीत आपलं मूल पाठमोरं असलं तरी मानेवरून ओळखू येतं, तसं मला ते ओळखू आलं. तितिर झोपलेलीच होती, रडलीसुद्धा नव्हती, तरी माझ्या ब्लाउजला ओल आली.

"दादा, काय घातलंत हे?" पुढच्या पायरीवरची कोयेल म्हणाली.

"गोमूत्र नाही ना हो?" बँकेतून निवृत्त झालेले समाद्दारबाबू म्हणाले. "नाही, आधी सांगा. मी ब्रश ओठात धरतो." सगळे हसले.

देबोपमही हसला. बाटली दोन बोटांत फिरवत म्हणाला, "मास्टरमोशायांचं औषध आहे. जाताना मला देऊन गेले. पुढचं विचारू नका, गुरूला शब्द दिलाय."

मास्टरमोशायांनी कागदावर पाण्याशिवाय कधी काही सोडलं नाही. ह्याच घाटावर, ह्याच पायऱ्यांवर आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसायचो. देबोपम माझ्या आधी आलेला, म्हणून मी त्याला देबोपमदा म्हणायचे. लग्नात तो 'दा' कुठेतरी गळून पडला आणि नाव तेवढं घरी आलं. मास्टरमोशाय मागून फिरायचे, अंगावर शाल, शालीला नस्याचा, तपकिरीचा वास. कागद डोळ्यांच्या पातळीला तिरपा धरायला लावायचे. "चमक बघ. आरशासारखी चमक आहे तोवर रंग पळेल, तुझं ऐकणार नाही. चमक मंद झाली की ऐकेल. चमक गेली की हात काढ. मग देव जरी आला तरी हात लावायचा नाही." अर्धवट वाळलेल्या रंगात कुणी पुन्हा ओला ब्रश घातला की पाणी रंगाला ढकलत नेतं आणि कागदावर फुलकोबी उगवते, गड्ड्यासकट. ती दिसली की ते थांबायचे. "वा! आज काय भाव लावलास कोबीला?" देबोपमच्या कागदावर नेहमी बाजार भरलेला असायचा. त्याला ते म्हणायचे, "तुला घाई फार. रंगाच्या आधी तू पोचतोस." आणि माझ्याकडे मान करून, बाकीच्यांना, "हिला थांबता येतं." आयुष्यात मला कुणी इतकं मोठं काही म्हटलेलं नाही. पांढऱ्या रंगाची नळी कुणाच्या डब्यात सापडली तर ते ती खुशाल गंगेत फेकायचे. पांढरं विकत मिळत नाही, म्हणायचे. पांढरं म्हणजे तू जिथं हात लावला नाहीस तो कागद.

आणि बाटली तर आमच्याच घरची होती. तितिर झाल्यावर अंग ठणकायचं तेव्हा सासूबाईंनी मला त्यातल्या साखरेच्या गोळ्या दिल्या होत्या. पिवळं लेबल मीच नखानं अर्धं खरवडलं होतं, पडल्या पडल्या, दुसरं काही हातात नव्हतं म्हणून.

"अरे, बौदि!" समाद्दारबाबूंनी मला पाहिलं. दादांची बायको म्हणून मी सगळ्यांची बौदि, वहिनी. "या, या. बौदि, तुम्हाला तरी सांगितलंय का ह्यांनी औषधात काय आहे ते?"

देबोपमनं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत भीती असती तर मला बरं वाटलं असतं. तिथं विनवणी होती, तितिरच्या डोळ्यांत हातातलं बिस्कीट काढून घेताना असते तशी.

"मला कशाला सांगतील?" मी म्हणाले. "मी घरचं माणूस."

पुन्हा हशा झाला. कोयेल सरकून बसली, तितिरच्या मोज्याला बोट लावत म्हणाली, "बौदि, तुम्हीपण काढायचात ना पूर्वी?"

"हो," माझ्याऐवजी देबोपम म्हणाला, आणि खरंच कौतुकानं म्हणाला. "फार छान हात होता हिचा."

मी थर्मास पायरीवर ठेवला आणि घराकडे निघाले. होता. गल्लीत कुणी फुलकोबी विकत होतं, गाडीभर, पांढऱ्याशुभ्र, आणि मला मास्टरमोशायांचं हसू आठवलं. तितिर झाल्यावर मला कळलं की चमक कुणासाठी थांबत नाही. मूल रडतं तेव्हाच रडतं आणि कागद वाळतो तेव्हाच वाळतो, दोघांनाही समजावता येत नाही. म्हणून आम्ही घरात एक रीत घातली होती. सकाळी मी दूध काढून स्टीलच्या वाटीत झाकून फ्रिजमध्ये ठेवायचे. तितिर उठली की सासूबाई ते कोमट करून झिनुकानं, त्या छोट्या चोचीच्या चांदीच्या शिंपल्यानं, तिला पाजायच्या. आणि वाटी पुरेल तोवर मी गच्चीवर. माझा वेळ त्या वाटीत असायचा. पांढरा, कोमट, मोजका. मी तो स्वतःतूनच पिळून काढायचे, आणि मला त्याचं काही वाटत नसे, उलट एक चोरटा आनंद व्हायचा की बघा, माझा तास मी स्वतः तयार करते, कुणाकडे मागत नाही. गच्चीवरून गंगा दिसते, लाँच जाते, पलीकडे मिलच्या चिमण्या. पौषात सकाळी तो काठ असतो आणि नसतो. मला तेवढंच काढायचं होतं, पूर्ण मोठ्या कागदावर, आणि थंडीतल्या वार्षिक प्रदर्शनाला पाठवायचं होतं. एकच चित्र. माझ्या नावाचं.

पण मोठा कागद भिजवला की तो सगळा तास मागतो. आणि दुर्गापूजा झाल्यापासून हाक लवकर यायला लागली. आभाळ उतरवून झालेलं असायचं, पाणी नुकतं मंद होत असायचं, आता काठ ठेवायचा एवढ्यात जिन्यातून सासूबाईंची हाक, "बौमा! ओ बौमा! वाटी संपली ग!" मी ब्रश टाकून खाली धावायचे. तितिर पोटभर पिऊन झोपेपर्यंत वर कागद आपला आपण वाळायचा, कडांकडून आत, मधे तळं राखून, आणि परत येऊन बघावं तर गंगेत कोबी. पाण्याच्या टाकीमागं असे कागद साचले होते. मग मी लबाडी करायला लागले. अर्ध्या वेळात होईल असं काहीतरी शोधायला लागले. ओल्या रंगावर जाड मीठ टाकून पाहिलं, ते रंग पिऊन चांदण्या करतं, पण नदीत चांदण्या काय कामाच्या. मेणबत्ती घासली. भाताची पेज कागदाला लावून वाळवली, वरून रंग दिला, मग ओल्या फडक्यानं रंग उचलून उजेड काढला. तो उजेड मेलेल्या माणसाच्या नखासारखा निघाला. फुलकोबीचीच झाडं करता येतात का तेही पाहिलं. एकदा तर झाली, छान झाली, आणि मला स्वतःची इतकी शरम वाटली की तो कागद मी फाडला. खाली सासूबाई काळं जिरं वाटून गरम भाताबरोबर समोर ठेवायच्या, मागुर माशाचा रस्सा, दुधी. "खा. चित्रं काढून काढून दूध आटतं बाईचं. लक्ष एका ठिकाणी हवं." मी खायचे. आंघोळीला गेले की दारं लावून स्वतःला चाचपून बघायचे आणि वाटायचं, आटतेय मी. काठांकडून आत. तितिर छातीशी असताना तिच्या टाळूवर नाक ठेवून मनात तिची माफी मागायचे, की तुझ्या तोंडचं मी कागदावर घालवतेय. ती पिता पिता हसायची, दुधाचे दोन दात दाखवत. माझं बाळ, तिला काय ठाऊक कुणाच्या कागदावर जात होतं ते.

सासूबाई व्हरांड्यात उन्हाला बसून मटार सोलत होत्या. मी तितिरला चटईवर ठेवलं. "मा, तितिरची वाटी फ्रिजमधून कोण काढतं?"

"मीच की. का ग?"

"आणि कुणी नाही?"

"माझा खोकन त्याच्या औषधापुरतं घेतो तेवढं. रंगाच्या औषधाचं काहीतरी करतो ना तो. तुला सांगितलं असेलच."

"किती घेतो?"

"थोडंसं. मोजत बसू का मी?" त्यांनी एक शेंग फोडली, दाणे परातीत टणटणले. "घरातलंच तर आहे. बाहेर कुठं जातंय?"

"पण तुम्ही मला म्हणालात, दूध आटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आटणारच की ग कधीतरी," त्या म्हणाल्या. "आमचंही आटलं."

ते सुरू झालं होतं ह्याच व्हरांड्यात, चैत्रात. तितिर मुठीएवढी होती. मी हाताशी एक छोटा कागद घेऊन आठवणीतली गंगा काढत होते. ओणवी झाले आणि थेंब पडला. माझ्याच अंगातून, मला न विचारता. रंग दचकला, मागे सरला, आणि कागदावर ते उघडलं. किती वेळ मी श्वासच घेतला नाही. मग "देबोपम, देबोपम!" करून ओरडले, तो अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन धावत आला, वाटलं असेल मुलीला काही झालं. सगळी दुपार आम्ही कागदांचे तुकडे भिजवत होतो. पाकिटातलं दूध, पाणी घातलेलं दूध, साय काढलेलं दूध. एकालाही ते जमेना. कॉलेजमधल्यासारखे हसत होतो. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "तू वेडी आहेस. कुणाला सांगू नकोस हं." मी लाजले. मला वाटलं, त्याला माझी लाज राखायची आहे. थांबता न येणाऱ्या माणसाला त्या थेंबात काय दिसलं असेल ते मला आज घाटावर कळलं. दुधाला थांबावं लागत नाही. जे मास्टरमोशाय त्याला वर्षानुवर्षं शिकवू शकले नाहीत ते एका थेंबात होत होतं.

तो पहिला कागद मी जपून ठेवला होता, कपाटात, तितिरच्या पहिल्या झबल्याच्या घडीत. आज काढला. आधी वास आला. झबल्याचा असेल वाटलं, पण झबल्याला डांबरगोळीचा वास होता. कागद उघडला तर धुकं होतं तिथं गंजासारखा डाग, कड धरलेला, आणि डागात बारीक हिरवट काळे ठिपके, बोट लावलं तर मऊ. लव होती त्याला. मधे सगळा पावसाळा होऊन गेला होता. दूधच ते, शेवटी नासतं, एवढं साधं आम्हा दोघांना सुचलं नव्हतं. मी कागद मांडीवर घेऊन बसून राहिले. देबोपमची चित्रं सगळी पूजेनंतरची. दोन-अडीच महिन्यांत त्याचं नाव झालं ते ह्या धुक्यामुळं; काचेआड, रुंद पांढऱ्या चौकटीत, बालीगंजच्या श्रीमंत दिवाणखान्यांतून ती लागली होती. पावसाळा त्यांनी अजून बघितलेला नव्हता. आषाढात कुणीतरी सोफ्यावर बसून चहा पिताना मान वर करेल आणि त्याला दिसेल की गंगेला बुरशी येते आहे. ह्या विचारानं पोटात ऊब आली, खोटं कशाला बोलू. पण ती टिकली नाही. कारण माझंही तेच होतं ना. मी शोधलेली, माझी म्हणावी अशी एकच गोष्ट, आणि तीही नासकी. त्यानं चोरलं तेही असं, आणि माझ्यापाशी राहिलं तेही असं.

संध्याकाळी तो नोलेन गुळाचे, थंडीतल्या खजुरी गुळाचे संदेश घेऊन आला. तितिरला उचललं, उडवलं, परत माझ्याकडे दिलं. मग समोर वेताच्या मोढ्यावर बसला.

"रागावलीस?"

"विचारलं असतंस तर दिलं असतं."

"विचारलं असतं तर चिडली असतीस."

"मास्टरमोशायांचं नाव कशाला घेतलंस?"

"मग काय सांगायचं होतं?" त्यानं आवाज खाली आणला. "बायकोचं दूध म्हणून? समाद्दारबाबूंना? तुझीच अब्रू—"

"दूध नको सांगूस. धुकं अहनाचं आहे, एवढं सांगायचं होतं."

तो संदेशाच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत बसला. म्हणाला, "माघात गॅलरी देतायत मला. सगळे मोठे कागद मागितलेत. अजून निम्मेही झाले नाहीत." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, अगदी मनापासून, "नाव शेवटी घराचंच होणार ना? आणि तुझं काय ग, तुझं प्रदर्शन पुढच्या वर्षीही असेल. तितिर मोठी होईल, तुला वेळच वेळ."

चित्र द्यायची मुदत परवा संपत होती. त्याला ते आठवत नव्हतं. लपवत नव्हता, खरंच आठवत नव्हतं. कागद अजून माझ्या पाठीमागे, उशीखाली होता. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की हे बघ. जिभेवर आलं होतं. पाच वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाला एवढं सांगायला हवं. पण मला घाटावरचं 'होता' आठवलं, आणि मास्टरमोशायही आठवले. हिला थांबता येतं.

"तुझी बाटली मी उद्या भरून देईन," मी म्हणाले. "वेगळी. पण वाटी सगळी तितिरची. आणि मी वरून येईपर्यंत तितिर तुझ्याकडे. तुझ्या आईकडे नाही, तुझ्याकडे."

"माझ्याकडे? मला कुठं जमतं ग! ती रडायला लागली की—"

"मग बाटली नाही."

तो हसला, सुटल्यासारखा. "पक्की दुकानदारीण झालीस." संदेश मोडून अर्धा माझ्या तोंडात घातला. मी खाल्ला. गोड होता. हे टिकतं का, असं त्यानं एकदाही विचारलं नाही.

सकाळी आधी बाटली भरली. अर्धं खरवडलेलं लेबल बोटाला लागत होतं. मग वाटी. मग तितिरला त्याच्या हातात दिलं आणि जिना चढले. मागं वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर गेले नसते. गच्चीवर दव होतं. पलीकडचा काठ नव्हता, चिमण्या नव्हत्या, एक लाँच नुसताच भोंगा वाजवत कुठूनतरी चालली होती. कागद भिजवला. तिरपा धरला. चमक आरशासारखी. आभाळाचा रंग कालवला, करडा, किंचित गेरू, आणि वरून खाली उतरवत आणला. धुक्यापाशी आले तशी ब्रश कोरडा करत गेले, करत गेले आणि सोडून दिला. तिथं कागदच ठेवला, हात न लावलेला. खालून पुन्हा पाणी वर आणलं. आता चमक मंद होईल, तेवढ्यात पलीकडचा काठ ठेवायचा, एका दमात, असून नसल्यासारखा. सगळं चित्र त्या काठावर होतं. मी ब्रश भरून थांबले. आणि माझा कान खाली गेला.

हाक आली नाही. रडणं नाही. एवढा वेळ झाला तरी नाही. इतके दिवस ह्याच क्षणाला ती हाक यायची, अंग तिच्यासाठी आवळून बसलेलं होतं, दूधसुद्धा आलं होतं, आणि खाली नुसती शांतता. काही झालं का? ब्रश हातात तसाच, मी जिन्याच्या तोंडाशी गेले, दोन पायऱ्या उतरून वाकून पाहिलं. देबोपम व्हरांड्यात येरझारा घालत होता. तितिर त्याच्या खांद्यावर, गाल त्याच्या मानेत, एक मूठ त्याच्या कानाला घट्ट धरलेली. तो तिची पाठ थोपटत होता, थापेचा ठेका चुकत नव्हता, आणि काहीतरी गुणगुणत होता, बिनशब्दांचं. रिकामी वाटी आणि झिनुक खिडकीत ठेवलेली. ती झोपली होती. तो तिला खाली ठेवतसुद्धा नव्हता. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्यानं काही खटपट केलेली दिसत नव्हती, घाम आला नव्हता. त्याला जमत होतं.

तिथं उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांसमोर टाकीमागचे सगळे कागद आले. दुधाचं काय, दूध मी दिलंही असतं. पण हे. हे पहिल्यापासून त्याच्या खांद्यात होतं.

वर आले तेव्हा चमक गेली होती. कागद तिरपा धरून पाहिला, कुठेच नव्हती. काठ ठेवायचा राहून गेला होता. वर आभाळ, खाली पाणी, आणि मधे रुंद, कोरा, कुणीच हात न लावलेला कागद. ब्रशच्या टोकाला काठाचा रंग लोंबत होता. मी तो टाकीवर झटकला. मग पेन्सिल घेतली, खाली कोपऱ्यात नाव लिहिलं, अहना, पुढं काही नाही, आणि उद्या द्यायचं चित्र उन्हात वाळत ठेवलं. ब्लाउज पुढून चिंब झाला होता. खाली जायला हवं होतं. मी कठड्याशी बसून वाट पाहत राहिले.

कुणीच हाक मारली नाही.